दुसरी डॉक्टर सुमय्या

३ नोव्हेंबर, सोमवार

आज बोर्ड आला. 'डॉ. सुमय्या जाफर तुंगेकर, एम.बी.बी.एस.' पांढऱ्यावर निळी अक्षरं. खाली पेंटरने स्वतःच्या मनाने 'खास स्त्रियांसाठी' असंही घातलंय. मी तसं नुसतं तोंडी बोललो होतो. असू दे, खोटं नाही ते. उरणच्या बायकांना लेडी डॉक्टर हवी असली की अजून पनवेल गाठावं लागतं. बोर्ड दवाखान्यासाठी घेतलेल्या गाळ्यात भिंतीला टेकवला आणि रस्त्यापलीकडे जाऊन बघत उभा राहिलो.

लेकीला, सुमय्याला, फोटो पाठवला. तिने नुसता अंगठा पाठवला. नेरूळच्या लायब्ररीत फोन वापरू देत नाहीत, म्हणून जास्त लिहीत नाही. पुढच्या परीक्षेचा अभ्यास ती तिथे बसून करते. सकाळी निघते, संध्याकाळी येते. कॉलेजसाठी सहा वर्षं लातूरला होती. आता घरापासून पाच मिनिटांवर बसेल.

दवाखान्याचं सगळं इथे लिहीत जाणार आहे. मी पोर्टवर माल सोडवणारा माणूस, तिथलं मला झोपेतही कळतं. दवाखान्यातलं काही कळत नाही.

दुपारी आशुतोष साहेब भेटले. ते द्रोणागिरीच्या एका वेअरहाऊसचे मॅनेजर. त्यांच्या कामगारांचं सगळं औषधपाणी आपल्याकडे द्यायला तयार आहेत, बिल थेट विम्याकडून. म्हणाले, "फक्त दोन नंबर द्या, जाफरभाई. एक डॉक्टरचा, एक दवाखान्याचा. त्याशिवाय विमावाले बिल बघतसुद्धा नाहीत."

मी म्हटलं, दोन दिवसांत देतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

रूपेशच्या सेवा केंद्रात गेलो होतो. नाक्यावरच आहे, गावातल्या सगळ्यांचे ऑनलाइन अर्ज तोच भरतो. त्याने समजावलं ते असं: डॉक्टरचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, तो वेगळा. त्यावरून सरकारी पोर्टलवर डॉक्टरला एक युनिक नंबर मिळतो, तो वेगळा. दवाखान्याला तिसरा. आणि पेशंटला त्याचा स्वतःचा चौथा.

"आणि आजाराला?" मी विचारलं.

"त्याला बी कोड हाय, काका. पन तो बिलावर."

मला वाटलं मस्करी करतोय. नव्हता करत.

दवाखान्याचा नंबर काढायला डॉक्टरचा नंबर लागतो. म्हणजे आधी सुमय्याचा. तिचं आधार माझ्याकडे होतं. रूपेशने आकडे टाकले, ओटीपी तिच्या मोबाईलवर गेला. फोन केला. उचलला नाही. परत केला. मग मेसेज आला, 'अब्बा ओटीपी आलाच नाही.'

रूपेश म्हणाला, होतं असं कधी कधी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आजही ओटीपी आला नाही. लायब्ररीत रेंज नसावी.

८ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी सुमय्या आल्यावर म्हटलं, आता घरूनच करू, फोन तुझ्या हातातच आहे. ती म्हणाली सर्व्हर डाऊन असेल. म्हटलं, बघू तरी. ती म्हणाली डोकं दुखतंय. जेवली आणि इशाच्या नमाजाआधीच झोपली. अभ्यासाने इतकं अंग मोडतं हे मला माहीत नव्हतं. बाहीवर तपकिरी डाग होता. चहा सांडला असणार. तिच्या आईने, करिमुन्निसाने, तो लगेच घासून काढला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज भलतंच झालं.

सकाळी सुमय्या अंघोळीला गेली असताना तिचा फोन टेबलावर होता. मी रूपेशला सांगून ठेवलं होतं की केंद्र उघडलं की पहिलं आपलं काम कर. ओटीपी आला, मी वाचून दाखवला. यात गैर काय? मुलीचंच काम आहे.

थोड्या वेळाने रूपेशचा फोन. "काका, आधीच हाय."

"काय आहे?"

"नंबर. या आधारवर नंबर निघालेला हाय. नवीन देत न्हाय. एका डॉक्टरला एकच."

मी चप्पल घालून धावत गेलो. त्याने स्क्रीन दाखवली. डॉ. सुमय्या जाफर तुंगेकर. कौन्सिलचा क्रमांक तिचाच. चौदा आकडी नंबर. आणि कामाचं ठिकाण: कळंबोलीतलं एक हॉस्पिटल, ज्याचं नावही मी कधी ऐकलेलं नाही.

मी चार वेळा वाचलं. माझी मुलगी नेरूळला लायब्ररीत बसलेली असते. मग कळंबोलीला कोण बसलंय?

पोर्टवर एका नंबरचे दोन कंटेनर निघाले की एक नक्की बनावट असतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल सुमय्याला सांगितलं. मला वाटलं ती हादरेल. ती भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच बसली. मग म्हणाली, "चुकून झालं असेल, अब्बा. सोडा ना."

"सोडा? तुझ्या नावावर कुणीतरी पेशंट तपासतंय! उद्या कोणी दगावलं तर पोलीस तुझ्या दारात येतील."

"नाय येणार."

"तुला काय माहीत?"

तिने करिमुन्निसाकडे पाहिलं. करिमुन्निसा म्हणाली, "जेवताना कशाला हे?" आणि मला आणखी आमटी वाढली. मी मागितली नव्हती.

या दोघींना गांभीर्य कळत नाही. सुमय्या स्वभावाने भित्री आहे, लहानपणापासून. माझ्यासमोर तिचा आवाज चढलेला मला आठवत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रणजीत आज यार्डात भेटला. आमच्या मालाचा जुना ड्रायव्हर, साताऱ्याकडचा. डाव्या हाताला भलीमोठी पट्टी. विचारलं तर म्हणाला कळंबोलीत लोखंड उतरवताना पत्रा लागला.

"पर शेठ, तितल्या मॅडमनी काय टाकं घातल्यात! येक नंबर. वर शिव्या बी घातल्या, हातमोजं का न्हाय घातलं म्हून."

"कुठल्या मॅडम?"

त्याने हॉस्पिटलचं नाव सांगितलं. तेच.

तिचं नाव विचारलं. "नाव कोन इचारतंय? समदी डॉक्टर मॅडम म्हंत्यात. ड्रायवर लोक लाइन लावत्यात तिच्यापाशी."

म्हणजे ती नुसती कागदावर नाही. ती खरोखर माणसांना सुया टोचते आहे. रणजीतला म्हटलं, उद्या घरी ये, माझ्या मुलीला हात दाखव. खरी डॉक्टर आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

रणजीत आला. सुमय्या आतून ओढणी सारखी करत आली. आणि रणजीत उठूनच उभा राहिला.

सुमय्या म्हणाली, "पट्टी भिजवलीत ना? सांगितलं होतं ना, भिजवायची नाय?"

"चुकलं, मॅडम."

मी म्हटलं, "तू कधी सांगितलंस?"

"कोणीही डॉक्टर सांगतोच ते, अब्बा."

तेही खरं. तिने पट्टी सोडली, नीट पाहिलं, नवी बांधली. मी विचारलं, टाके कसे आहेत? बाईला काही येतं तरी का? ती खाली मान घालून म्हणाली, "ठीक घातलेत." बनावट बाईची बाजू घेतल्याचा मला रागच आला. रणजीत सारखा छताकडे बघत होता. चहाही न पिता गेला. आमच्याकडे एरवी दोन कप पितो.

करिमुन्निसा स्वयंपाकघरात पदर तोंडावर धरून उभी होती. हसत होती की खोकत होती, कळलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तक्रार केली. रूपेशनेच पोर्टलवर भरून दिली, मजकूर माझा. 'सदर क्रमांक माझ्या मुलीचा असून कळंबोली येथे काम करणारी स्त्री माझी मुलगी नाही. ती तोतया आहे. तिचा क्रमांक तात्काळ थांबवावा.' खाली माझं नाव, पत्ता, सही. पाठवल्यावर बरं वाटलं.

रूपेश म्हणाला, "काका, ताईला येकदा इचारलं असतं तर?"

म्हटलं, तिला कशाला त्रास, तिचा अभ्यास आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कसं लिहू कळत नाही. क्रमाने लिहितो.

तक्रारीचं काही कळेना, म्हणून स्वतःच कळंबोलीला गेलो. त्या बाईला डोळ्यांनी बघायचं, जमलं तर फोटो काढायचा. घरी सांगितलं यार्डात जातोय. स्टील मार्केटच्या मागच्या रस्त्याला हॉस्पिटल सापडलं. खाली टायरची दुकानं, वर हॉस्पिटल. बाकांवर सगळे ड्रायव्हर, हमाल. काउंटरवर सिस्टरने नाव विचारलं. खरं नाव सांगितलं तर ती बाई सावध होईल. तुंगेकर आडनाव तीच वापरते. मी म्हटलं, सुधीर. पूर्ण नाव? सुधीर पाटील. काय होतंय? छातीत धडधडतंय. हे मात्र खोटं नव्हतं.

बाकावर बसलो. समोर पडदा, अर्धा उघडा. आत बाईची पाठ दिसत होती, पांढरा कोट, पायात बूट. तेवढ्यात खालून आरडाओरडा झाला आणि चौघांनी एका माणसाला उचलून आणलं. लोखंडाच्या गुंडाळीखाली पंजा सापडला होता. त्याच्याबरोबरचा एक जण रडत होता, दुसरा मोबाईलवर शूटिंग करत होता.

ती बाई वळली.

सुमय्या होती.

मी म्हटलं, ही तोतया किती हुबेहूब दिसते. खरंच, पहिल्यांदा मनात हेच आलं. मग ती बोलली. "फोन बंद! तू बाहर जा. सिस्टर, सलाईनची लाइन घ्या. दादा, माझ्याकडे बघा, हाताकडे नाय, माझ्याकडे." असा आवाज मी तिचा कधी ऐकला नाही. तो माणूस किंचाळायचा थांबला आणि तिच्याकडे बघायला लागला. शूटिंग करणारा खरोखर बाहेर गेला, माझ्याच शेजारी येऊन बसला. ती जखमी माणसाच्या पंजाशी वाकली. मग कोणीतरी पडदा पूर्ण ओढला.

मी किती वेळ बसलो माहीत नाही. नंतर सिस्टरने हाक मारली, "सुधीर पाटील! सुधीर कोण आहे?" दोन-तीनदा हाक मारली. मी उठलो आणि जिना उतरून निघून आलो.

संध्याकाळी ती घरी आली. "लायब्ररीत गर्दी होती आज," म्हणाली. मी म्हटलं, हो का.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

रूपेशला म्हटलं तक्रार मागे घे. त्याने बघितलं. मागे घ्यायचं बटणच नाही. 'प्रक्रियेत आहे' एवढंच येतं.

तिच्यावर चिडायला हवं. आज दिवसभर प्रयत्न केला. मग ती "माझ्याकडे बघा" म्हणालेली आठवते आणि राग कुठे जातो कळत नाही. आणि ती घरात इतकी हळू का बोलते, हेही कळत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मेसेज आला. 'आपल्या तक्रारीवरून सदर क्रमांक पडताळणी होईपर्यंत थांबवण्यात आला आहे.'

सुमय्या दुपारीच घरी आली. पर्स कोपऱ्यात टाकली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. करिमुन्निसा तिच्या पायाशी बसली. मी दारात उभा.

करिमुन्निसा म्हणाली, "आता सांगते मी. ती लायब्ररीत जात नाही."

"माहीत आहे."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मला कळंबोलीचं बोलायचं होतं, पण तोंडातून दुसरंच आलं. "तक्रार मीच केली."

सुमय्या उठून बसली. आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता, आज ऐकला. "तुमी? तुमी केलीत? अब्बा, माझ्या नंबरवर एक बिल जात नाय आता! हॉस्पिटलचे सर म्हणाले, पोरी, मी तुला ठेवू कसा? पेशंट बघितलास तर विमावाले सगळी बिलं अडकवतील. एक पंजा चेपलेला माणूस अजून वॉर्डात आहे, त्याचं ऑपरेशन माझ्या नावावर नोंदलंय!"

"मला वाटलं कोणी तोतया..."

"मला विचारायचं!"

"तूच खोटं बोललीस ना? लायब्ररी!"

मग बोलायला लागली ती थांबेना. परीक्षेला दोनदा बसली, नंबर लागला नाही. मैत्रिणीच्या ओळखीने तिथे महिनाभरासाठी गेली. पहिल्याच आठवड्यात एका ड्रायव्हरचा पाय वाचला. मग महिना संपला तरी निघता येईना. "मला बायकांचा दवाखाना नाय जमणार, अब्बा. मला ते येत नाय तितकं. हे येतं. सांगणार होते. दरवेळी ठरवायचे, आणि तुमी काहीतरी नवीन आणायचात. फरशी. पंखा. मग बोर्ड. सगळ्या उरणला सांगून आलात. मी मधे कुठे घुसू?"

मी करिमुन्निसाला विचारलं, "तुला कधीपासून माहीत?"

"डबा मी भरते," ती म्हणाली. "लायब्ररीत बसून कोणी चार भाकऱ्या खात नाही."

मी गाळ्यात जाऊन बसलो. दिवा लावला नाही. 'खास स्त्रियांसाठी' अंधारात दिसत नव्हतं तेवढं बरं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सुमय्या माझ्याशी बोलत नाही. मीही काय बोलावं कळत नाही. कळंबोलीला गेलो होतो हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर विचारेल, मग थांबला का नाहीत?

१ डिसेंबर, सोमवार

बेलापूरच्या कार्यालयात बोलावलं होतं. तक्रारदार आणि डॉक्टर, दोघांना. बसमध्ये ती खिडकीशी, मी शेजारी. तिच्या मांडीवर डिग्री, कौन्सिलचा कागद, आधार.

तिथल्या अधिकारी गीतांजली मॅडम माझ्यापेक्षा लहान, पण शांत बाई. त्यांनी आधी तिचे कागद तपासले, बोटाचा ठसा घेतला. सगळं जुळलं. मग माझी तक्रार उघडली.

"तुम्ही लिहिलंय, ही स्त्री माझी मुलगी नाही."

"हो."

"आता म्हणता, आहे."

"हो."

"मग तेव्हा कोण होती?"

मी विचार केला. "तेव्हा मला माहीत नव्हती," म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, कागद हिचे आहेत हे सिद्ध झालं. पण तुमची तक्रार अशी आहे की कळंबोलीत बसणारी वेगळी आहे. ती हीच, हे तुम्हाला सांगावं लागेल. तुम्ही तिला तिथे काम करताना पाहिलंय?"

"पाहिलंय."

सुमय्याने मान वळवली. मला ते कळलं, पण मी मॅडमकडेच बघत राहिलो.

"कधी?"

"मागच्या सोमवारी. एका माणसाचा पंजा चेपला होता. चार जणांनी वर आणलं. हिने शूटिंग करणाऱ्याला बाहेर काढलं. त्या माणसाला म्हणाली, हाताकडे बघू नका, माझ्याकडे बघा. तो थांबला. ओरडायचा थांबला तो. मी बाकावर होतो. पाठमोरी असताना ओळखली नाही. बोलली तेव्हासुद्धा..." पाणी दिलं कोणीतरी. "हीच आहे. लिहून घ्या. दुसरी कोणी नाही."

मॅडम टाइप करत होत्या. त्यांनी ते मला वाचून दाखवलं. पंजा, बाक, सगळं सरकारी भाषेत गेलं होतं, पण होतं. मी सही केली. सुमय्याने केली.

"नंबर उद्यापर्यंत सुरू होईल," मॅडम म्हणाल्या. "एक राहिलं. कामाचं ठिकाण बदलायचं आहे का? उरणच्या दवाखान्याचा तुमचा अर्ज अर्धवट दिसतोय इथे."

सुमय्या बोट कागदाच्या कडेवरून फिरवत राहिली. मी काय म्हणतो याची वाट बघत होती, घरी बघते तशी.

मी म्हटलं, "तो माझा अर्ज आहे, हिचा नाही. रद्द करा. हिचं कळंबोलीच राहू दे."

आम्ही जिना उतरलो. आशुतोष साहेबांना काय सांगायचं, गाळ्याचं काय करायचं, लोक विचारतील तेव्हा कुठून सुरुवात करायची, यातलं काहीच मला सुचत नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही.

स्टॉपवर तिने माझी बाही धरली. "तुमी तिथे होतात? बाकावर? माझ्यापासून एवढ्याशा अंतरावर?"

"हो."

"मग हाक का नाय मारली, अब्बा?"

बस आली होती. लोक चढत होते. मी म्हटलं, "तू कामात होतीस."

ती तशीच उभी राहिली, बाही धरून. बस गेली. आम्ही दुसरीची वाट पाहिली.